रझालीचा बर्फ

३ ऑगस्ट, रविवार

शुक्रवार-शनिवारची सुटी संपून आज शाळा भरली, आणि हाजी देरामान शाळेत आले. मच्छीमार संघाचे अध्यक्ष, सात बोटींचे मालक. मी या गावात अठरा वर्षं शिकवते आहे, लहानथोर सगळे चिकगू, म्हणजे मास्तरीणबाई, म्हणतात, आणि या माणसाने मला रस्त्यात कधी सलाम केलेला आठवत नाही. आज मात्र फाटकापासून प्रयोगशाळेपर्यंत स्वतः चालत आले, हातात गरम केरोपोकची, माशाच्या तळलेल्या वड्यांची, पिशवी घेऊन.

"चिकगू," म्हणाले, "बर्फ चांगला की वाईट, हे यंत्राने मोजता येतं का?"

"कुणाचा बर्फ?"

"गावात कारखाना एकच आहे, चिकगू."

म्हणजे रझालीचा. चार वर्षांपूर्वीपर्यंत माझा नवरा असलेल्या माणसाचा. हाजींना ते ठाऊक आहे, साऱ्या गावाला आहे, तरी ते नाव न घेता माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

बोटींवरचा मासा धक्क्याला लागेपर्यंत मऊ पडतो, व्यापारी परत पाठवतात, बर्फ पूर्वीसारखा टिकत नाही, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना समजावून सांगितलं. बर्फ वितळत असताना कितीही उष्णता द्या, त्याचं तापमान हलत नाही. सगळी उष्णता वितळण्यातच जाते. एक ग्राम बर्फ किती उष्णता गिळतो हा आकडा ठरलेला आहे, साधारण तीनशे चौतीस. थर्माकोलचा कप, कोमट पाणी, थर्मामीटर आणि वजनकाटा, एवढं असलं की मोजता येतं. बर्फ टाकायचा, पाणी किती थंड झालं बघायचं, गणित करायचं. आकडा कमी आला तर बर्फात खोट आहे.

"तुमच्यासारखं शिकलेलं माणूस गावात आहे आणि आम्ही आंधळ्यासारखे बर्फ भरतोय," हाजी म्हणाले.

खोटं कशाला लिहू, ते गेल्यावर मी प्रयोगशाळेचं दार लावून घेतलं आणि एकटीच हसले. केरोपोक सगळे संपवले.

४ ऑगस्ट, सोमवार

मोजलं.

सकाळी मेक यामच्या टपरीवरून पिशवीभर बर्फ घेतला. तिचा नवरा सब्री रझालीच्या कारखान्यात लाद्या ओढतो, त्यामुळे तिच्याकडे दुसरा बर्फ असणं शक्य नाही. "चिकगू, सरबत करणार का?" तिने विचारलं. मी हो म्हटलं.

मुख्याध्यापकांनी नेमकी आजच बैठक लावली आणि ती काही संपेना. गणवेशाच्या रंगावर तासभर चर्चा. मी वर आले तेव्हा पिशवीच्या तळाशी पाणी साचलं होतं. बर्फ हातोडीने फोडला, ओंजळीने उचलून कपात टाकला. पाणी ढवळताना मला सारखा रझालीचा चेहरा दिसत होता. काझीच्या कचेरीत तो म्हणाला होता, "हिच्याबरोबर राहणं म्हणजे रोज तोंडी परीक्षा." काझीही हसला होता.

दोनशे एकाहत्तर.

पुन्हा केलं. दोनशे अडुसष्ट. मग तुलनेसाठी शाळेच्या फ्रिजमधला बर्फ काढून लगेच टाकला, तो तीनशे सेहेचाळीस. एवढा फरक. रझाली पाण्यात काय मिसळतो ते देवाला ठाऊक, पण खोट आहे हे मी कागदावर दाखवू शकते.

हाजींना फोन केला. ते एवढंच म्हणाले, "गुरुवारी सभा लावतो."

७ ऑगस्ट, गुरुवार

संघाचं सभागृह भरलं होतं. मी फळा मागवून घेतला होता. दोन्ही आकडे मोठ्या अक्षरात लिहिले. दोनशे एकाहत्तर, तीनशे सेहेचाळीस. कशाचे, कसे, हे कोणी विचारलं नाही. दुसरा मोठा आहे आणि पहिला लहान, हे मागच्या रांगेतल्यांनाही कळत होतं.

रझाली आला होता. दाराशी उभा, हात बांधून. वजन वाढलं आहे त्याचं. गाव ज्या माणसाला शिव्या देतं तो माणूस असा शांत उभा राहिला की मला जास्तच चीड येते. लोक बोलत होते ते तो ऐकून घेत होता. "आमची पोरं चार दिवस समुद्रात असतात, आणि तू पाणी विकतोस?" "तुझ्या बापाचा बर्फ असा नव्हता."

शेवटी त्याने एकच प्रश्न विचारला. मला.

"बर्फ पुसला होतास का?"

मी म्हटलं, "पुसायला घरी दुसरी आणलीस ना, तिला विचार."

सभागृह हसलं. हाजी तर टेबलावर थाप मारून हसले. रझालीने चप्पल घातली आणि निघून गेला. प्रशिक्षण महाविद्यालयात आम्ही एकाच टेबलावर प्रयोग करायचो. तेव्हाही हरला की असाच बाहेर निघून जायचा.

किती तरी दिवसांनी मला गाढ झोप लागणार आहे.

१० ऑगस्ट, रविवार

धक्क्यावर तांजुंग बारातहून बर्फाच्या गाड्या आल्या. पांढऱ्या, नव्या कोऱ्या. दोन तासांचा रस्ता, तरीही सभेला तीन दिवस होत नाहीत तोवर हजर. मनात आणलं तर लोक किती झटपट कामाला लागतात. रझालीच्या फाटकाशी एकही बोट नव्हती. मी मुद्दाम त्या रस्त्याने गेले.

१८ ऑगस्ट, सोमवार

मेक यामच्या टपरीवर नासी दागांग मागितला. पातेलं माझ्यासमोर उघडं होतं, वाफ येत होती.

"भात संपला, चिकगू."

"हा काय आहे मग?"

"हा दुसऱ्यांचा आहे."

मागे दोन माणसं उभी होती, त्यांना तिने वाढलं. माझ्याकडे न बघता, कढईतली आमटी ढवळत म्हणाली, "कारखान्यातल्या दोनपैकी एक बर्फाची टाकी बंद केलीय त्यांनी. सब्रीला सांगितलं, घरी बस. तुम्ही त्या दिवशी माझ्याचकडून बर्फ नेलात. सरबताला म्हणून."

मी म्हटलं, "चूक मालकाची आहे, मेक याम. त्याने चांगला बर्फ विकला असता तर ही वेळ आली नसती."

"मी वीस वर्षं तोच बर्फ विकतेय. माझ्या सरबतात तो आहे तसाच आहे."

आकड्यांपुढे सरबत आणून ठेवणाऱ्या बाईशी काय बोलणार. शाळेच्या कँटीनमधल्या गार शेवया खाल्ल्या.

२६ ऑगस्ट, मंगळवार

हे लिहायला नको वाटतं आहे.

आज चौथ्या फॉर्मच्या वर्गाचं प्रात्यक्षिक होतं, बर्फाच्या वितळण्याची उष्णता. दर वर्षी याच सुमाराला असतं. मी दर वर्षी जे सांगते तेच सांगत होते. कप कोरडा हवा. पाण्याचं वजन आधी. तापमान ढवळून मग वाचा. आणि मग माझ्याच तोंडून ऐकलं, "बर्फ टिपकागदाने नीट पुसून घ्या. त्याला लागलेलं पाणी आधीच वितळलेलं असतं. ते उष्णता काही घेत नाही, नुसतं वजनात मोजलं जातं आणि तुमचा आकडा खाली येतो."

मी मध्येच थांबले. मुलींना वाटलं मी कुणावर तरी चिडले.

त्या दिवशी माझ्या ओंजळीतून पाणी गळत होतं. आणि फ्रिजमधला बर्फ तर शून्याच्याही खाली, काढल्या काढल्या कपात टाकलेला, म्हणून तो आकडा नको तितका वर गेला. एक ओला, एक अतिथंड. मी त्या दोघांची तुलना गावासमोर फळ्यावर मांडली. ही चूक मुलीने केली असती तर मी तिला पूर्ण प्रात्यक्षिक पुन्हा करायला लावलं असतं.

शाळा सुटल्यावर रझालीच्या कारखान्यापासून लांब, टोकाच्या दुकानातून बर्फ आणला. तो दुकानदार अजून रझालीचाच बर्फ घेतो. थोडा वेळ बाहेर ठेवला, पुसला, कपात टाकला. तीनशे तीस. पुन्हा, तीनशे बत्तीस.

बर्फात काहीही खोट नाही.

२७ ऑगस्ट, बुधवार

पण मासा तर खरंच मऊ पडत होता. त्याला काही तरी कारण असणारच. म्हणजे माझं मोजमाप चुकलं असलं तरी तक्रार चुकलेली नसेल. हे मी दिवसभर स्वतःला सांगत राहिले. दुपारनंतर पटेनासं झालं.

३१ ऑगस्ट, रविवार

स्वातंत्र्यदिन. संघाच्या अंगणात झेंडा लागला. हाजींनी भाषणात माझं नाव घेतलं, "आमच्या विज्ञानाच्या चिकगू", आणि मला पुढे बोलावून एक पितळी तबक दिलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी तबक घेतलं. नको म्हणता आलं असतं. दोन्ही हात पुढे गेले माझे.

मेक याम गर्दीत होती. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत एवढं मी पाहिलं.

२ सप्टेंबर, मंगळवार

हाजींच्या घरी गेले. ओसरीत बसवलं, चहा दिला. मी सरळ सांगितलं, माझी चूक झाली, रझालीचा बर्फ चांगला आहे, पुढच्या सभेत मला पाच मिनिटं द्या.

त्यांनी बशीतला चहा संपवला. मग म्हणाले, "चिकगू, तुम्ही बोलून मोकळ्या झालात. आता तांजुंग बारातशी वर्षाचा करार झालाय."

"चुकीच्या आकड्यावर झालाय तो."

"करार आकड्यावर होत नाही. माणसावर होतो."

"कुठला माणूस?"

"माझा जावई. गाड्या त्याच्या आहेत." माझा चेहरा बघून त्यांना खरंच नवल वाटलं. "तुम्हाला माहीत नव्हतं? लपवलंय कुठे, गाडीवर नाव आहे त्याचं."

नाव मी वाचलं होतं. ते कुणाचं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. या गावात मला कोणी काही सांगत नाही. मी विचारतही नाही.

"तुम्ही मला वापरलंत," मी म्हटलं.

"मी तुम्हाला प्रश्न विचारला, चिकगू. उत्तर तुम्ही दिलंत, आणि फार आनंदाने दिलंत. आता फिरवलंत तर लोक काय म्हणतील ठाऊक आहे ना? नवऱ्याने परत जवळ केलं, म्हणून बाईचा आकडा बदलला. शाळेत मुली शिकतात तुमच्याकडे. सांभाळा."

चहा तसाच ठेवून उठले. पायऱ्या उतरताना मागून आवाज आला, "तबक आवडलं ना?"

४ सप्टेंबर, गुरुवार

कारखान्यात गेले. चार वर्षांत पहिल्यांदा.

एकच टाकी चालू होती. मिठाच्या पाण्यातून पत्र्याचे डबे वर येत होते आणि रझाली स्वतः साखळी ओढत होता. त्याची बायको कचेरीच्या खिडकीतून मला बघून आत सरकली. त्याने मला बसायला सांगितलं नाही. तिथे बसायला काही नव्हतंही.

"चिकगू," तो म्हणाला. मला हस्मा म्हणायचं त्याने केव्हाच सोडलं आहे. "आज काय मोजायला आलात?"

"मी बर्फ पुसला नव्हता."

"ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"सभेत फळ्यावर आकडा लिहिलास तेव्हापासून. एवढा खाली आकडा ओल्या बर्फाचाच येतो. तू घाई करतेस. कॉलेजातही करायचीस, आणि मग आपल्या दोघांचा आकडा चुकायचा."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो की. एक वाक्य बोललो. तू त्यावर गाव हसवलंस." त्याने डबा गरम पाण्यात बुडवला, लादी सुटून घसरत आली. "दुसरं वाक्य बोललो असतो तर तू माझ्या आईपर्यंत गेली असतीस."

मी माफी मागितली. शब्द कोरडेच निघाले, पण मागितली.

"ती घरी ठेव," तो म्हणाला. "मला तिचं काही करता येत नाही. ज्यांच्यासमोर बोललीस त्यांच्यासमोर मोज. धक्क्यावर. माझा बर्फ आणि गाडीतला बर्फ. फ्रिज-बिज नको."

"हाजी म्हणतात लोक माझ्यावर थुंकतील."

"थुंकतीलच. माझ्यावर महिनाभर थुंकतायत. मेलो नाही मी."

९ सप्टेंबर, मंगळवार

सकाळी बोटी लागल्यावर धक्क्यावर फळकूट मांडलं. वजनकाटा, दोन कप, थर्मामीटर, टिपकागदाची चळत. रझाली आला नाही. त्याने फक्त एक लादी पाठवली. गाडीतली लादी मी पैसे देऊन घेतली, ड्रायव्हर दात काढत होता.

माणसं जमली. मी म्हटलं, "मागच्या वेळी मी चुकीचं मोजलं. ओला बर्फ मोजला. तुम्हाला जे सांगितलं ते खरं नव्हतं. आज बघा."

"पोटगी वाढवली का त्याने, चिकगू?" मागून कोणी तरी विचारलं. हशा.

मी पुसला, मोजला, टाकला, ढवळलं. थर्मामीटर दर वेळी वेगळ्या माणसाच्या हातात दिला आणि वाचायला लावला. रझालीचा तीनशे एकतीस. गाडीतला तीनशे अठ्ठावीस. दोन्ही सारखेच म्हणायचे. बर्फ बर्फ असतो, कुणाच्याही डब्यातून निघो.

सगळ्यात म्हातारे तांडेल पाक सू पुढे बसले होते. त्यांना हिशेब कळला की नाही ठाऊक नाही, पण प्रश्न त्यांचाच खरा होता. "म्हणजे दोन तासांवरून वितळत येणारा बर्फ आम्ही उगाच घेतोय. बरं. मग आमचा मासा का कुजतो?"

मी त्यांच्या बोटीवर उतरले. माशांच्या खणात हात घातला. आतल्या फळ्यांमागचा फोम पावासारखा भिजून फुगला होता, दाबला की पाणी यायचं. म्हटलं, "पाक सू, ऊन या भिंतींतून आत येतंय. कुणाचाही बर्फ घ्या, तो माशाआधी या भिंतीच थंड करत बसतो. हे बदलायला हवं. सगळ्या बोटींचं असंच असेल."

इथे वारा फिरला. मी चुकले हे ऐकताना त्यांना गंमत वाटत होती. त्यांची बोट चुकते आहे हे ऐकून कोणालाच गंमत वाटली नाही.

"म्हणजे आता दोष आमचा?"

"गेल्या महिन्यात त्याचा होता, आज आमचा, पुढच्या महिन्यात माशाचा."

"हिच्या हातात फळा देऊ नका रे."

हाजींच्या बोटीवरच्या एकाने जाता जाता फळकुटाला लाथ घातली. कप उलटे झाले, थर्मामीटर दगडावर पडून फुटला, लाल थेंब पसरले. शाळेचा होता, भरून द्यावा लागेल. माझ्या बुटांत बर्फाचं पाणी गेलं. पाक सू एकटे वाकले आणि काचा उचलून बाजूला टाकल्या, म्हणाले, "पोरं अनवाणी असतात इथे."

फळकूट घेऊन मी शाळेत आले. मला त्या सगळ्यांना पुन्हा चौथ्या फॉर्ममध्ये बसवून नापास करावंसं वाटत होतं.

११ सप्टेंबर, गुरुवार

पाक सूंची बोट रझालीच्या फाटकाशी लागली. मागोमाग आणखी दोन. हाजींच्या सात नाहीत, आणि येणारही नाहीत.

रझालीचा निरोप आला, कागदावर पाच शब्द: "जे मोजलंस ते लिहून दे." लिहून दिलं. पहिला आकडा चुकीचा का होता, दुसरा कसा काढला, खाली सही. नाव पूर्ण लिहिलं.

१४ सप्टेंबर, रविवार

शाळेला सत्राची सुटी आहे, पण मी त्या रस्त्याने गेले. मासे घ्यायला.

माझा कागद फाटकावर होता, प्लास्टिकमध्ये घालून, डोक्याच्या उंचीवर. बोटीवरचे, बाजारातले, माझ्या मुलींचे आईबाप, सगळे तिथूनच जातात. वाचताना माझ्याच सहीकडे बघवेना. आणि शेवटच्या ओळीत तीनशे एकतीसभोवती लाल पेनाने गोल काढलेला होता. बाजूला प्रश्नचिन्ह, त्याखाली बारीक अक्षरात, "एकक?"

मी एकक लिहायला विसरले होते. कॉलेजात त्याच्या वहीत मी हेच करायचे, लाल गोल आणि प्रश्नचिन्ह, सगळ्यांना दिसेल असं.

पिशवीतून पेन काढलं, प्लास्टिक वर सरकवलं आणि आकड्यापुढे लिहिलं, ज्यूल प्रति ग्राम. चुकीचं, अर्धवट तसंच ठेवणं मला जमत नाही, दुसरं काही कारण नव्हतं.

रझाली आतून आला. बाही कोपरापर्यंत ओली.

"फाटक माझं आहे, चिकगू. लिहायचं तर विचारावं."

"एकक नसलेल्या आकड्याला अर्थ नसतो."

"सभेत फळ्यावर होतं का एकक?"

नव्हतं.

"मग महिनाभर गावाने कशावर विश्वास ठेवला?" त्याने विचारलं. टोमणा वाटला नाही. खरंच उत्तर हवं असल्यासारखा उभा होता.

उत्तर मला येत होतं. त्यांनी आकड्यावर विश्वास ठेवलाच नव्हता. मी त्याला किती पाण्यात बघते हे सगळ्या गावाला माहीत होतं, आणि तेवढं त्यांना पुरलं.

पण हे मी त्याला सांगितलं नाही. आत शेडच्या कडेला गमबुटांची एक जोडी भिंतीला टेकवून ठेवलेली होती, पांढऱ्या रंगाने लिहिलेलं, सब्री. मी तिकडे बघितलेलं त्याने पाहिलं.

"कुआंतानला गेला," तो म्हणाला. "गोदामात लागलाय. पाच तारखेलाच. मेक यामही जाईल पुढच्या महिन्यात."

"परत बोलाव. बोटी आल्यात ना तीन."

"तीन बोटींवर दुसरी टाकी चालत नाही, हस्मा," तो म्हणाला, आणि आत जाऊन साखळी ओढायला लागला.